खण रिकामा केला तेव्हा: संपलेली पेनं आणि कोरी राहिलेली स्केचबुकं

परवा टेबलाचा खालचा खण उघडेचना. आत काहीतरी आडवं झालं होतं, जोर लावून ओढला तर अख्खा खणच हातात आला आणि सगळं जमिनीवर. मग काय, तिथेच फतकल मारून बसले आणि वर्गवारी सुरू केली. पेनं आणि मार्कर मिळून ५१ निघाले. त्यातले चालू २४, अर्धे भरलेले असतानाच वाळून गेलेले १९, आणि खरोखर शेवटच्या थेंबापर्यंत संपलेले फक्त ८ (रिकामी पेनं मी टाकत नाही, का ते विचारू नका). स्केचबुकं ११, त्यातली पूर्ण भरलेली ४, आणि दोन तर अशी की वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.

आता कोणी विचारलं की कुठलं पेन घेऊ, कुठला कागद घेऊ, तर मी आत्तापर्यंत जे नवीन घेतलेलं असायचं त्याचंच कौतुक सांगत आले. पण पहिल्या दिवसाच्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो हो, पहिल्या दिवशी सगळीच पेनं छान चालतात. म्हणून या वेळी उलटं करते, जे संपलं ते आधी सांगते आणि जे राहिलं ते का राहिलं ते नंतर.

तर आठातली चार आहेत साधी बॉलपेनं. त्यातलं एकही मी चित्रासाठी म्हणून घेतलेलं नव्हतं, फोनवर बोलताना, कोणाची वाट बघताना, मीटिंगमध्ये मान डोलावताना हाताला लागलं ते. पण बॉलपेन हे चित्रासाठी किती भारी हत्यार आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. फाइनलायनर, म्हणजे ठरावीक जाडीची बारीक रेघ देणारं पेन, तुम्ही दाबा नाहीतर अलगद धरा, रेघ तेवढीच येते. बॉलपेन मात्र कागदावरून नुसतं तरंगवत नेलं तर पेन्सिलीसारखी फिकट रेघ येते, दिसते न दिसते अशी, आणि तिथेच पाच-सहा वेळा घोटलं की गडद काळं, म्हणजे एकाच पेनात सगळं शेडिंग. खोडता येत नाही हे तर उलट बरंच आहे, चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ मारायची सवय लागते.

त्याचे त्रास दोन. एक म्हणजे टोकाशी शाईची गुठळी जमते आणि नेमकी नाकाच्या किंवा डोळ्याच्या जागी उतरते, त्यामुळे डाव्या हातात चिंधी धरायची आणि दर थोड्या वेळाने टोक पुसायचं. दुसरा त्रास जरा गंभीर आहे. बॉलपेनच्या शाईत बहुतेक वेळा डाय, म्हणजे शाईत पूर्ण विरघळलेला रंग असतो आणि डाय उजेडात उडतो. मी एका कागदावर निळ्या, काळ्या आणि लाल बॉलपेनचे पट्टे मारले, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकला आणि खिडकीच्या काचेला आतून चिकटवून विसरून गेले. तीन महिन्यांनी पुठ्ठा काढला तर झाकलेला अर्धा भाग होता तसा आणि उघडा भाग खिशात राहिलेल्या जुन्या पावतीसारखा, लाल तर नावाला उरला होता. लाझ्लो बिरोने १९३८ मध्ये बॉलपेनचं पेटंट घेतलं ते लिहिताना शाई पटकन वाळावी, फासू नये म्हणून, भिंतीवर चित्रं टिकावीत म्हणून नाही, तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वहीत बंद राहणाऱ्या चित्राला बॉलपेनसारखं दुसरं काही नाही. फ्रेम करून टांगायचं असेल तर नको.

त्यानंतर संपलेली तीन फाइनलायनर. इथे पिगमेंट शाई हा शब्द बघूनच घ्यायचं, डाय नको. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण, ते कागदावर बसले की पाण्याने हलत नाहीत आणि उजेडातही टिकतात. साकुरा कंपनीने पिग्मा शाई १९८२ साली काढली आणि मायक्रॉन पेनं त्याच शाईवर चालतात, आता स्टेडलर, युनि पिन, कोपिक असे बरेच पर्याय आहेत आणि काळ्या रेघेपुरतं बोलायचं तर मला यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक कधी वाटला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मायक्रॉनवरचा आकडा म्हणजे मिलिमीटर नाही. ००५ म्हणजे ०.२० मिमी, ०१ म्हणजे ०.२५, ०३ म्हणजे ०.३५, ०५ म्हणजे ०.४५ आणि ०८ म्हणजे ०.५०. मी कित्येक वर्षं ०१ म्हणजे ०.१ समजत होते आणि माझी रेघ इतकी जाड का येते म्हणून हाताला शिव्या देत होते.

सहा पेनांचा सेट घेऊ नका. घेतलाच तर माझ्यासारखं होईल, ०३ आणि ०५ संपतात आणि बाकीची चार पाकिटात वाळतात. माझी संपलेली तिन्ही पेनं या दोन जाडींचीच आहेत. ००५ वगैरे बारीक टोकं बघायला गोड असतात पण ते टोक म्हणजे धातूच्या नळीतून जेमतेम बाहेर डोकावणारा प्लॅस्टिकचा तंतू, माझा हात जड, त्यात खरखरीत कागद, तिसऱ्या दिवशी टोक आत जाऊन बसतं आणि मग नळीच कागदावर खरवडत राहते. त्या १९ वाळलेल्यांमधली सात अशीच गेली आहेत, खरं तर वाळलेली नाहीतच, आत शाई आहे पण टोक मेलंय. त्यामुळे हात जड असेल तर ०५ पासून सुरुवात करा, बारीक रेघ पेन जरासं उभं धरून आणि भरभर ओढूनही काढता येते.

वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं म्हणून लगेच वरून ब्रश फिरवायचा नाही. शाई वाळायला कागदाने ती थोडी प्यायला लागते, आणि वॉटरकलरच्या चांगल्या कागदाला सायझिंग केलेलं असतं, म्हणजे पाणी पटकन आत जाऊ नये म्हणून जिलेटिन किंवा तत्सम काहीतरी लावलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर शाई वर बसून राहते आणि साध्या कागदापेक्षा वाळायला वेळ घेते. मी एकदा अर्ध्या मिनिटात वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर मारला आणि एका म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावर मिशी उगवली. आता रेघा झाल्या की उठून पाणी बदलून येते, तेवढ्यात होतं.

आणि खालची पेन्सिल खोडायची असेल तर रबर घासू नका, पिगमेंटचे कण वर वरच बसलेले असतात, रबराबरोबर तेही निघतात आणि काळी रेघ करडी पडते. मला आधी वाटायचं पेन खराब निघालं. मळून वापरायचा तो मऊ रबर मिळतो ना, नीडेबल म्हणतात तो, त्याने दाबून दाबून उचललं की पेन्सिल जाते आणि शाई राहते. अजून बरं म्हणजे पेन्सिल इतकी फिकट वापरायची की खोडायलाच नको.

आठवं संपलेलं पेन म्हणजे पांढरं जेल पेन, युनिबॉल सिग्नो. करड्या किंवा खाकी कागदावर काळ्या रेघेने सावली आणि पांढऱ्याने उजेड असं करायला लागले तेव्हा याची चटक लागली, कारण मधला टोन कागदच देतो, आपण फक्त दोन टोकं भरायची. पांढरी रेघ मारली की लगेच हात नाही लावायचा, आणि ओल्या वॉटरकलरवर तर अजिबातच नाही, ती खाली बुडून जाते. बास, त्याच्याबद्दल एवढंच.

फाउंटन पेन कधी संपत नाही म्हणून ते या हिशोबात येत नाही पण चालू २४ मध्ये रोज हातात असणारं तेच आहे. माझं लामी सफारी आहे, हे मॉडेल १९८० पासून बाजारात आहे आणि त्याची तिकोनी पकड काहींना अजिबात आवडत नाही, मला आवडते. निब बदलता येते हा मोठा फायदा, आपटून वाकवली की अख्खं पेन टाकायला लागत नाही. पण खरी गोष्ट शाईची आहे. साधी फाउंटन पेनची शाई पाण्याने विरघळते, त्याचा मुद्दाम उपयोग करता येतो, रेघ काढून ओला ब्रश फिरवला की सावली आपोआप तयार. वॉटरप्रूफ हवी असेल तर फाउंटन पेनसाठीच बनवलेली पिगमेंट शाई घ्यायची, प्लॅटिनम कार्बन ब्लॅक किंवा डी अट्रामेंटिसची डॉक्युमेंट, आणि पेन रोज चालवायचं, मधूनमधून पाण्याने धुवायचं.

ही माझी फजिती सांगूनच टाकते. बाटलीवर इंडियन इंक लिहिलेलं, काळीभोर, मला वाटलं शाई ती शाई, भरली फाउंटन पेनमध्ये. त्या शाईत शेलॅक असतो म्हणजे लाखच, वाळली की घट्ट. दुसऱ्या दिवशी पेन बंद. कोमट पाणी, मग साबणाचं पाणी, मग रात्रभर भिजत, मग निब काढून जुन्या टूथब्रशने घासून, शेवटी फीडच्या, म्हणजे निबेपर्यंत शाई आणणाऱ्या भागाच्या बारीक खाचांमधली शाई निघालीच नाही आणि ते पेन आता ५१ मधल्या वाळलेल्यांत पडून आहे. पेनचा काही दोष नाही, दुकानदाराचाही नाही, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की डिप पेन (म्हणजे शाईत बुडवून चालवायचं पेन) आणि ब्रशसाठी. ती शाई आता मी ब्रशनेच वापरते आणि त्यात तिच्यासारखा काळा रंग मिळत नाही हे खरं.

डिप पेनबद्दल मी फार बोलणार नाही, मी त्यात अडाणी आहे. पण एक गोष्ट कोणी सांगितली असती तर माझे दोन महिने वाचले असते. नवीन निबेला गंजू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो काढल्याशिवाय शाई निबेवर बसतच नाही, थेंब होऊन एकदम खाली पडते नाहीतर उतरतच नाही. जरा टूथपेस्ट लावून चोळा, धुवा, पुसा, की झालं. निक्को जी निब घेतलीत तर ती कडक आहे, नवख्या हाताला सांभाळून घेते. आणि याच्यासाठी कागद गुळगुळीतच लागतो, ब्रिस्टॉल वगैरे, कापसाच्या खरखरीत कागदावर निब तंतूत अडकते आणि शाईचे शिंतोडे शर्टापर्यंत.

ब्रश पेनात दोन जाती आहेत आणि नाव एकच असल्याने लोक फसतात. एकात स्पंजासारखं फेल्टचं टोक असतं, टोंबोचं फुडेनोसुके घ्या, टोक छोटं, कडक, ताब्यात राहतं, अक्षरासाठी आणि बारीक कामासाठी मस्त. दुसऱ्यात खरोखरचे केस असतात, नायलॉनचे, पेंटेलचं पॉकेट ब्रश पेन तसं आहे, शाईची नळी म्हणजे कार्ट्रिज बदलत राहायचं. त्याच्यात केसाइतकी बारीक रेघ आणि बोटाएवढा फराटा एकाच झटक्यात येतो आणि म्हणूनच ते आवरायला वेळ लागतो, पहिला महिना मी त्याला घाबरत होते. पण कोल्ड प्रेस, म्हणजे मध्यम खरखरीत कागदावर ते आडवं धरून भरकन ओढलं की पोताच्या उंचवट्यांवरच शाई लागते आणि खळगे पांढरे राहतात, झाडाची साल, दगड, पाण्यावरची चमक, काही करायला लागत नाही, कागदच काढून देतो. फेल्टचं टोक मात्र अशा कागदावर घासलंत तर आठवड्यात त्याची झुलपं निघतील.

इथूनच कागदाकडे येते, कारण खरं भांडण तिथे आहे. वाळलेल्या पेनांचा ढीग बघताना माझ्या लक्षात आलं की त्यातली अर्धी मी पेन वाईट म्हणून बाजूला टाकली होती आणि वाईट होता तो कागद. खात्री करायला एकच ०५ चं फाइनलायनर घेऊन तीन कागदांवर चालवलं. झेरॉक्सच्या ८० जीएसएम कागदावर रेघ मागच्या बाजूला सावलीसारखी दिसायला लागली आणि जिथे पेन क्षणभर थांबलं तिथे ठिपका फुगला. स्वस्त कार्ट्रिज कागदावर (चित्रकलेच्या वहीचा असतो तो) कडेने शाई फुटली, भिंगातून बघितलं तर रेघेला कोळ्यासारखे पाय. आणि गुळगुळीत हॉट प्रेस कागदावर तीच रेघ पात्याने कापल्यासारखी. पेन तेच, हात तोच, पाच मिनिटांतली गोष्ट.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. वजन, दर्जा नव्हे! ही गफलत सगळे करतात आणि कव्हरवर ३०० बघितलं की खूश होतात. लाकडाच्या लगद्याचा ३०० जीएसएम कागद आणि शंभर टक्के कापसाचा ३०० जीएसएम कागद हे दोन वेगळेच प्राणी आहेत. लगद्याच्या कागदावर रंग वर वर राहतो, पटकन वाळतो, दुसरा थर द्यायला गेलं की खालचा उखडतो आणि दोन वेळा ब्रश जास्त फिरवला की कागदाच्या गोळ्या निघायला लागतात. कापसाचा कागद ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे आकाश काढताना धावपळ होत नाही, एका कडेचा रंग दुसऱ्या कडेपर्यंत पोचेस्तोवर ओला असतो, वरून चार थर द्या, खालचा जागचा हलत नाही. मी दोन वर्षं समजत होते की मला वॉश जमत नाही. कापसाच्या तुकड्यावर पहिला वॉश मारला तो जवळजवळ बरोबर आला तेव्हा आनंद कमी आणि राग जास्त आला होता.

पण लगद्याच्या कागदाची एक बाजू कोणी सांगत नाही. रंग वर बसलेला असल्याने ओल्या ब्रशने उचलता येतो, ढग काढायचा विसरलात तर नंतर काढता येतो, कापसावर तो पिऊन बसलेला असतो, निघता निघत नाही. आणि रोजच्या सरावाला, रेघ आणि हलका रंग एवढंच काम असेल तर लगद्याचा २०० जीएसएम कागद भरपूर झाला. महाग कागदावर माझा हात थरथरतो, खोटं कशाला बोलू.

पोत तीन प्रकारचे. हॉट प्रेस म्हणजे इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत, पेनसाठी हाच. कोल्ड प्रेस म्हणजे मध्यम खरखरीत, रंगासाठी हा आणि पेनही जाड टोकाचं असेल तर चालतं. रफ म्हणजे नावाप्रमाणे. इंग्लंडचे कागद कारखाने कोल्ड प्रेसला नॉट म्हणतात, म्हणजे नॉट हॉट प्रेस, मी पहिल्यांदा पॅडवर नॉट वाचलं तेव्हा मला वाटलं वॉटरकलरला चालणार नाही असं लिहिलंय आणि ठेवून दिलं.

नावं सांगायची तर आर्श, फ्रान्समधला कारखाना १४९२ पासूनचा आहे, इटलीतल्या फाब्रियानोमध्ये कागद १३ व्या शतकापासून बनतो आणि जिलेटिनचं सायझिंग तिथूनच पसरलं, जर्मनीचं हानेम्युले १५८४ चं, इंग्लंडचा सॉन्डर्स वॉटरफर्ड सेंट कथबर्ट्स मिलचा. एवढ्या जुन्या घराण्यांचा कागद वाईट निघत नाही, पण त्यांच्याच स्वस्त मालिकाही असतात, लगद्याच्या, तेव्हा नाव बघून नाही तर शंभर टक्के कॉटन लिहिलंय का ते बघून घ्या. माझं मत विचाराल तर पॅड घेऊच नका, अख्खा ताव घ्या. इम्पीरियल ताव २२ गुणिले ३० इंचाचा असतो. घडी घालायची, घडीवर नख फिरवायचं, उलट घडी घालायची, परत नख, मग पट्टी दाबून धरून फाडायचा, कात्री नको, फाडलेली कड सुंदर दिसते. तीन वेळा असं केलं की ११ गुणिले साडेसात इंचाचे आठ तुकडे. पॅडपेक्षा स्वस्त पडतं, आणि तुकडा आहे म्हटल्यावर त्याची भीती वाटत नाही. मागची बाजूही वापरता येते, मी तर आधी मागेच सराव करते.

कागद ओला झाला की वाकणारच. ३०० जीएसएमच्या खाली भरपूर पाणी वापरलंत तर पन्हळी पत्रा होतो, रंग खळग्यांत साठतो आणि तिथे डाग पडतात. चारी बाजूंनी डिंकाने बांधलेला ब्लॉक घेतला तर वाकतो कमी, पण वाळेपर्यंत पुढचं पान मिळत नाही. मी बोर्डावर चार क्लिपा लावते आणि चित्र वाळल्यावर मागून जरासा ओलावा देऊन जाड पुस्तकांखाली एक रात्र ठेवते, पुरेसं सपाट होतं.

आता स्केचबुकं. भरलेल्या चारांत आणि न भरलेल्या सातांत फरक काय म्हणून शेजारी शेजारी मांडून बघितलं. भरलेली चारही ए५ किंवा त्याहून लहान निघाली. ए५ म्हणजे १४८ गुणिले २१० मिमी, बॅगेत पडून राहतं, एका हातात धरून उभ्याने काढता येतं. ए४ ची तीन आहेत, तिन्हींत पहिली पाच-सहा पानं आणि मग शुकशुकाट, कारण ती घरीच राहतात आणि घरी मी चित्र काढत नाही, घरी मी खण आवरते.

बाइंडिंगबद्दल मी जरा हट्टी आहे. स्पायरल उलटी दुमडता येते, सपाट राहते, हे मान्य, पण तिची पानं तारेवर सरकत राहतात आणि समोरासमोरची पेन्सिलची चित्रं एकमेकांना घासून दोन्ही धुरकट होतात. शिवाय दोन पानांवर मिळून लांबच लांब चित्र काढायचं तर मधे तार. नुसती डिंकाने चिकटवलेली तर घेऊच नका. एका कंपनीचं, नाव घेत नाही, कव्हर इतकं देखणं होतं की मी पाठीकडे बघितलंच नाही, पहिल्यांदा पूर्ण सपाट उघडलं तेव्हा कडकन आवाज आला आणि महिन्याभरात पानं गळायला लागली, शेवटी रबर लावून ठेवायला लागलं. शिवलेलं बाइंडिंग ओळखायचं असेल तर वही मिटून वरून पाठीकडे बघा, दुमडलेल्या पानांचे छोटे छोटे गठ्ठे दिसले पाहिजेत, आणि एखाद्या गठ्ठ्याच्या मधोमध उघडलं की दोरा दिसला पाहिजे. त्या मधल्या पानावर पसरून काढायला काय मजा येते.

पेन आणि हलका रंग दोन्ही चालेल असं स्केचबुक हवं असेल तर स्टिलमन अँड बर्नच्या मालिका बघा, अल्फा १५० जीएसएम, बीटा २७० आणि जरा खरखरीत, झीटा २७० आणि गुळगुळीत. माझ्या भरलेल्यांपैकी दोन अल्फा आहेत. १५० म्हणजे फार पाणी नाही सहन होत, पण पानं जास्त मिळतात, वही लवकर जड होत नाही. अल्कोहोल मार्कर वापरत असाल तर कुठल्याही स्केचबुकात मागचं पान गेलंच समजा, त्याला मार्करचा वेगळा कागद लागतो, आणि फाइनलायनरवर मार्कर फिरवायचा असेल तर आधी कोपऱ्यात बघा, काही शाया पाण्याला दाद देत नाहीत पण अल्कोहोलला विरघळतात. मार्करबद्दल माझं मत वाईट आहे कारण १९ वाळलेल्यांमध्ये नऊ तेच आहेत, पण मी त्यांची टोपणं नीट लावत नाही हेही तितकंच खरं.

ॲसिड फ्री लिहिलंय का तेवढं मात्र कुठल्याही कागदावर बघाच. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन कागदात राहिलेलं असलं की हळूहळू ॲसिड तयार होतं आणि कागद पिवळा पडतो, माझं एक जुनं पॅड कडेने तपकिरी झालंय, पान दुमडलं की कोपरा तुटून हातात येतो. त्यात चित्रं बरी होती.

खणातली सगळ्यात वाईट गोष्ट शेवटी सापडली. तळाला एक कापसाच्या कागदाचं पॅड, चांगलं चित्र सुचेल तेव्हा म्हणून जपून ठेवलेलं, तीन वर्षं झाली असतील. पहिलं पान काढलं, ओलं केलं, रंग लावला, आणि मधेच काळपट ठिपके दिसायला लागले, एकेक ठिपका रंग शोषून घेतोय टिपकागदासारखा. दमट जागेत सायझिंग मरतं. वरून कागद अगदी नवा कोरा, वास नाही, डाग नाही, पाणी लागेपर्यंत काही कळतच नाही. सगळी पानं तपासली, एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवायचा आणि बघायचं, चांगल्या कागदावर तो मण्यासारखा बसून राहतो, इथे जिथे जिथे मेलेलं होतं तिथे बघता बघता आत गेला. १२ पानांतली तीन धड निघाली. शेजारीच मास्किंग फ्लुइडची, म्हणजे कागद कोरा ठेवायच्या जागी लावतात त्या रबरी द्रवाची बाटली होती, तीही एकदाच वापरलेली, उघडली तर आत रबराचा चेंडू.

मी आता प्रत्येक नव्या स्केचबुकाचं शेवटचं पान चाचणीला ठेवते. हाताशी असतील ती सगळी पेनं ओळीने, प्रत्येकाची एक हळू रेघ, एक भरभर रेघ आणि एक ठिपका जिथे पेन पाच आकडे मोजेपर्यंत टेकवून ठेवायचं. मग त्यावरून अर्ध्या भागात ओला ब्रश. एका कोपऱ्यात पेन्सिल घोटून खोडायची, मास्किंग टेप लावून ओढायची, सालपट निघालं तर कळतं. खाली तारीख. पान उलटून मागून बघायचं. वही घेतली त्याच दिवशी हे करून टाकलं की दोन गोष्टी होतात, कुठलं पेन हिच्याबरोबर नांदेल ते कळतं आणि वही एकदाची खराब होते, मग पहिल्या पानाची भीती जाते.

हे लिहिता लिहिता त्या दोन प्लॅस्टिकमधल्यांपैकी एक फोडलं. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, शिवलेलं, आत रेशमी फीत, कधी घेतलं तेही आठवत नाही. शेवटचं पान उघडून ओळीने सगळी पेनं चालवली. फाउंटन पेनची शाई फुटली. फाइनलायनर बरं चाललं पण मागून दिसतंय. ब्रश फिरवला तर पान लगेच वाकलं. बॉलपेन मात्र त्याच्यावर असं काही चाललंय की बास, पाऊण पान भरलं आणि आत्ता बघितलं तर अर्धा तास गेलाय आणि खण अजून जमिनीवरच आहे.